विश्लेषण : व्हीलचेअरसह कॅम्पर व्हॅनने देशाटन… कायद्याची परवानगी आहे, मग अडते कुठे?

राज्यात कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आले, मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांसाठी वाहनात बदल करण्याची मुभा मिळाली. तरीही व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या गाडीत राहून, झोपून, लांबचा प्रवास करायचा झाल्यास बहुतेक जबाबदारी आणि खर्च तिच्या कुटुंबावरच पडतो. असे का होते, याचा आढावा.

हा विषय आताच चर्चेत का?

करोनाकाळात हॉटेलऐवजी गाडीतच मुक्काम करण्याची कल्पना भारतात रुजू लागली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्याच वर्षी केरळनेही ‘केरवान केरळ’ हा उपक्रम सुरू केला. बिछाना, छोटे स्वयंपाकघर आणि काही वेळा स्वच्छतागृह असलेली गाडी घेऊन हवे तेथे थांबायचे, हे या पर्यटनाचे स्वरूप. दुसरीकडे, दिव्यांगांच्या हक्कांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ हा मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सांगत न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला आणि बंधनकारक निकष वेगळे काढण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

या दोन्ही घडामोडी जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे व्हीलचेअर आत जाऊ शकेल अशी कॅम्पर व्हॅन. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते; त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालींशी संबंधित अपंगत्व होते. महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. यातील प्रत्येक जण व्हीलचेअर वापरत नाही आणि प्रत्येकाला कॅम्पर व्हॅन हवी आहे असेही नाही. मात्र वयोमानानुसार हालचाली मंदावलेले ज्येष्ठ नागरिकही यात धरले तर हा प्रश्न मूठभरांचा उरत नाही.

कॅम्पर व्हॅन ही चैन की गरज?

धडधाकट प्रवाशासाठी कॅम्पर व्हॅन ही हौस असते. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी तिचा पहिला उपयोग वेगळाच आहे : रस्त्यात वापरता येईल असे स्वच्छतागृह. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेक रुग्णांना दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. त्यासाठी स्वच्छ, आडोशाची, व्हीलचेअर वळेल इतकी जागा लागते. महामार्गावरील बहुसंख्य ढाबे आणि पेट्रोल पंपांवर ती मिळत नाही. असलीच तर दाराला पायरी असते, दार अरुंद असते किंवा तिथे खोकी रचून ठेवलेली असतात. परिणामी अनेक जण प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

दुसरी गरज आडवे होण्याची. तासन्तास एकाच स्थितीत बसल्याने दाबामुळे जखमा होतात. त्या भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून अधूनमधून पाठ टेकणे हा उपचाराचाच भाग असतो. तिसरी गरज तापमानाची. मज्जारज्जूच्या वरच्या भागात इजा असेल तर घाम येण्याची यंत्रणा नीट चालत नाही आणि शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही. मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या अशा प्रवाशासाठी वातानुकूलन ही सुखसोय नसते. म्हणजे जी सोय रस्त्याकडेला सार्वजनिक पैशांतून असायला हवी, ती प्रवासी स्वतःच्या खर्चाने सोबत घेऊन निघतो. कॅम्पर व्हॅनच्या मागणीमागचे खरे कारण हे आहे.

गाडीत बदल करण्याबाबत कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा कोणताही बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणीतील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने शिक्षाही कडक केली. कलम १८२अ नुसार विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मात्र याच २०१९ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाचा अपवाद केला. जुन्या कायद्यातील ‘इनव्हॅलिड कॅरेज’ ही अवमानकारक संज्ञा गेली आणि तिच्या जागी ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’ म्हणजे अनुकूलित वाहन ही संज्ञा आली. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी खास बनवलेले किंवा बदल केलेले आणि केवळ त्या व्यक्तीकडून किंवा तिच्यासाठी वापरले जाणारे वाहन, अशी तिची व्याख्या आहे. कलम ५२ मधील नव्या तरतुदीनुसार आपल्या मालकीच्या वाहनाचे असे रूपांतर करता येते आणि नोंदणी प्राधिकरणाची म्हणजे आरटीओची मान्यता नंतर घेता येते. अट एवढीच की, केंद्र सरकारने ठरवलेल्या अटींची पूर्तता झाली पाहिजे. बदल केल्यावर १४ दिवसांत त्याची माहिती आरटीओला देऊन नोंदणीपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते.

नव्या गाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. गाडी एकदा कायम नोंदवली की तिच्यात बदल करण्यासाठी पुन्हा आरटीओच्या खेपा होत. ती दूर करण्यासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नियमदुरुस्तीचा मसुदा जारी केला. तात्पुरत्या नोंदणीवर गाडी कार्यशाळेत न्यावी, बदल करून घ्यावेत आणि मग कायम नोंदणी करावी, असा त्याचा गाभा होता. कागदावर पाहता परवानगीचा मार्ग आता पूर्वीइतका बंद नाही.

मग पेच कुठे आहे?

पेच असा की, कॅम्पर व्हॅन आणि अनुकूलित वाहन या कायद्याच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. केंद्राच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा समावेश बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत आहे. कॅराव्हॅन म्हणून बांधल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. अशा मानकांनुसार वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ‘एआरएआय’ आणि मानेसरची ‘आयकॅट’ या प्रमुख आहेत. ही प्रक्रिया एका नमुन्याच्या अनेक गाड्या बनवणाऱ्या कंपनीला परवडते. एकाच कुटुंबासाठी, एकाच व्यक्तीच्या शरीराच्या मापाने बनणाऱ्या गाडीला ती परवडत नाही.

अनुकूलित वाहनाची खिडकी व्यक्तीसाठी आहे, पण तिची कल्पना मुख्यतः मोटार चालवण्यापुरती आहे : पायाऐवजी हाताने चालणारा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, फिरणारे आसन वगैरे. लिफ्ट बसवणे, बाजूचे दार रुंद करणे, आत पाण्याची टाकी, स्नानगृह, बॅटऱ्या आणि बिछाना बसवणे हे सगळे एकत्र आले की आरटीओतील निरीक्षकासमोर प्रश्न उभा राहतो की, या गाडीची नोंद कोणत्या रकान्यात करायची? शिवाय मान्यता ‘नंतर’ मिळणार असल्याने खर्च आधी होतो. लाखो रुपये घालून बांधणी पूर्ण झाल्यावर नोंद नाकारली गेली तर नुकसान पूर्णतः मालकाचे.

भाड्याच्या कॅराव्हॅनची अवस्था याहून अवघड आहे. ‘आपल्या मालकीचे वाहन’ आणि ‘केवळ त्या व्यक्तीसाठी वापर’ या दोन अटींमुळे पर्यटन व्यावसायिकाला अनुकूलित वाहनाचा सोपा मार्ग वापरता येत नाही. त्याला संपूर्ण नमुन्याची मान्यता घ्यावी लागते. ज्याला वर्षातून एकदा आठ दिवसांसाठी गाडी हवी आहे, त्याच्यासाठी भाड्याची गाडी हाच परवडणारा पर्याय असतो आणि नेमका तोच या सवलतीच्या बाहेर राहतो.

गाडीत चढायचे कसे : रॅम्प की लिफ्ट?

बांधणीतील पहिला निर्णय दाराचा. इमारतींसाठी रॅम्पचा मान्य उतार एकास बारा असतो, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. प्रवासी व्हॅनचा मागचा तळ जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच असेल तर या हिशेबाने रॅम्प ८ मीटर ४० सेंटिमीटर लांब लागेल, म्हणजे गाडीपेक्षाही मोठा. उतार दुप्पट तीव्र, म्हणजे एकास सहा केला तरी सव्वाचार मीटरचा रॅम्प होतो. तो उलगडायला जागा नाही आणि इतक्या चढावर माणसासह खुर्ची ढकलणे एका सोबत्याच्या आवाक्याबाहेरचे असते. परदेशात छोट्या मोटारींचा तळ कापून खाली घेतात. पण भारतात त्यासाठी गाडीच्या सांगाड्याला हात लावावा लागतो आणि कलम ५२ मधील अडचणी वाढतात.

त्यामुळे व्हॅनसाठी विजेवर किंवा हायड्रॉलिकवर चालणारी लिफ्ट हाच व्यवहार्य पर्याय उरतो. तिची क्षमता ठरवताना माणसाचे वजन पुरेसे नाही. बॅटरीवर चालणारी खुर्ची १०० ते १५० किलोंची असू शकते. अमेरिकेतील सार्वजनिक वाहनांच्या नियमांत लिफ्टची किमान क्षमता ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो सांगितली आहे. वीज गेली तरी हाताने पंप करून लिफ्ट वर-खाली करता आली पाहिजे. अन्यथा बॅटरी उतरलेल्या गाडीत माणूस अडकून पडेल. याच कारणाने बाहेर पडण्याचा दुसरा मार्गही आवश्यक ठरतो, विशेषतः आत स्वयंपाकाची सोय असेल तर.

लिफ्ट बाजूला की मागे, यावर गाडी कुठे कुठे उभी करता येईल हे अवलंबून असते. बाजूच्या लिफ्टला गाडीशेजारी साधारण अडीच मीटर मोकळी जागा लागते. शेजारी दुसरी मोटार येऊन उभी राहिली की प्रवासी आत किंवा बाहेर अडकतो. मागच्या लिफ्टला ही अडचण नाही, पण ती वाहतुकीच्या बाजूला उघडते. शिवाय मागचे दार लिफ्टने व्यापल्याने बिछाना आणि स्नानगृहाची जागा बदलते.

धावत्या गाडीत व्हीलचेअर हेच आसन असेल तर?

या विषयातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. शक्य असेल तर प्रवाशाने गाडीच्या मूळ आसनावर बसावे आणि खुर्ची बांधून ठेवावी, हेच सर्वांत सुरक्षित. ते शक्य नसेल तर खुर्ची प्रवासाच्या दिशेने तोंड करून, चार ठिकाणी पट्ट्यांनी तळाला बांधायची असते. आडवी ठेवलेली खुर्ची अपघातात माणसाला वाचवू शकत नाही. खुर्ची बांधण्याचा पट्टा आणि माणसाचा पट्टा हे दोन वेगळे असावे लागतात. कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा तीन-बिंदूंचा पट्टा गाडीच्या सांगाड्याला जोडलेला हवा.

आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये (खुर्ची बांधणाऱ्या यंत्रणेसाठी आयएसओ १०५४२ आणि खुर्चीसाठी आयएसओ ७१७६ चा १९ वा भाग) ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेची चाचणी असते. त्या क्षणी खुर्चीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट बल येते. म्हणजे १०० किलोंची खुर्ची काही क्षण दोन टनांच्या ताकदीने पुढे झेपावते. प्लायवूडच्या तळात ठोकलेले स्क्रू ती रोखू शकत नाहीत. पट्ट्यांचे हुक सांगाड्याच्या पोलादी पट्ट्यांना बोल्टने जोडावे लागतात. बाजारातील बहुतेक साध्या घडीच्या खुर्च्याही अशी चाचणी झालेल्या नसतात.

सार्वजनिक बससाठी केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये अधिसूचना काढून व्हीलचेअर आत घेण्याची, ठेवण्याची आणि जागेवर पक्की करण्याची व्यवस्था नियमांत आणली. ती १ मार्च २०२० पासून लागू झाली. कुटुंबाच्या व्हॅनमध्ये मात्र हुक कुठे आणि कसे बसले, हे बऱ्याचदा स्थानिक बॉडी बिल्डरच्या अंदाजावर राहते. आरटीओची मान्यता मिळालेली गाडी अपघातात सुरक्षित असेलच असे त्यामुळे म्हणता येत नाही.

आतली रचना करताना काय तोलावे लागते?

व्हीलचेअर पूर्ण वळण्यासाठी दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. आपल्याकडच्या प्रवासी व्हॅनची आतली रुंदी साधारण पावणेदोन मीटर असते. म्हणजे भिंतीला कपाटे लावली की वळण्याची जागा संपते. त्यामुळे मधली जागा पूर्ण मोकळी ठेवून भिंतीला मुडपणारा बिछाना, वर उचलला जाणारा ओटा आणि उंबरठा नसलेले ओले स्नानगृह अशी रचना करावी लागते. बिछान्याची उंची खुर्चीच्या आसनाइतकी, म्हणजे साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर ठेवली तर सरकून जाता येते. नाही तर छताला उचलयंत्र बसवावे लागते. ओट्याखाली गुडघे जातील अशी पोकळी आणि बसून हात पोहोचेल अशा उंचीवर बटणे, हे तपशील छोटे वाटतात, पण सोबत्याला दर वेळी हाक मारावी लागेल की नाही हे त्यांवरच ठरते.

युरोपमधील वाहन मान्यतेच्या व्याख्येत मोटर कॅराव्हॅनमध्ये आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा या चार गोष्टी अनिवार्य आहेत. स्वच्छतागृह त्यात नाही. व्हीलचेअरवरील प्रवाशासाठी मात्र यादीची सुरुवातच तिथून होते. तयार कॅराव्हॅनमध्ये नंतर किरकोळ बदल करून का भागत नाही, याचे उत्तर या फरकात आहे.

विजेचा हिशेबही वेगळा. बॅटरीवरील खुर्चीला २४ व्होल्ट, ५० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी असेल तर ती पूर्ण भरायला १.२ युनिट वीज लागते. गाडीत १२.८ व्होल्ट, २०० अ‍ॅम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी बसवली तर तिच्यात सुमारे अडीच युनिटे मावतात. निम्मी वीज खुर्चीच घेते. एक किलोवॉटचे वातानुकूलन यंत्र उरलेली वीज तासा-सव्वातासात संपवेल. छतावर ४०० वॉटचे सौर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिटे मिळतात. थोडक्यात, रात्रभर गारवा हवा असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी विजेची जोडणी मिळालीच पाहिजे.

या सगळ्याला वजनाची मर्यादा आहे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. लिफ्ट, बॅटऱ्या, खुर्ची, टाक्या आणि फर्निचर मिळून गाडीची भारक्षमता पटकन संपते. लिफ्ट मागे असेल तर मागच्या आसावर जास्त भार येतो आणि घाटात ब्रेकवर ताण पडतो. म्हणून बांधणी पूर्ण झाल्यावर पाणी आणि माणसांसह गाडीचे वजन, शक्य तर पुढच्या-मागच्या आसाचे वेगवेगळे, वजनकाट्यावर करून घेणे गरजेचे असते.

करसवलत, विमा आणि टोलमध्ये दिलासा मिळतो का?

अंशतः. अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला मोटार घेताना २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागू होत असे. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्व आणि अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र लागे. शिवाय गाडीची लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत असावे लागे. चार मीटरच्या गाडीत व्हीलचेअरसह झोपण्याची सोय होणे शक्य नाही. म्हणजे ज्या वाहनाची सर्वाधिक गरज, तेच सवलतीबाहेर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी सर्वांसाठीच १८ टक्के झाल्याने या दोन दरांतील फरकही मिटला.

विम्यात मात्र जुनी, पण फारशी माहीत नसलेली तरतूद आहे. दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या किंवा बदललेल्या वाहनाला स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात ५० टक्के सूट देणारे ‘आयएमटी-१२’ हे पुष्टिपत्र मोटार विम्यात आहे. अट अशी की, नोंदणीपत्रावर आरटीओने तशी नोंद केलेली असावी. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ मध्येही दिव्यांगांसाठी खास आरेखित व बांधलेल्या वाहनांना टोलमाफी आहे आणि तिथेही नोंदणीचा प्रकारच पाहिला जातो. केवळ दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. म्हणजे आरटीओतील एका नोंदीवर विमा, टोल आणि अपघातानंतरचा दावा असे सगळेच अवलंबून असते. न नोंदवलेल्या बदलांवर बोट ठेवून दावा नाकारला जाण्याचा धोका असतो, तोही याच नोंदीमुळे टळतो.

देशाबाहेर जायचे असेल तर?

भारतीय क्रमांकाची गाडी घेऊन लांबच्या देशांत जाताना अनेक ठिकाणी ‘कार्ने’ हा सीमाशुल्क दस्तावेज लागतो. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत नेली जाईल, याची ती हमी असते. भारतात तो मुंबईतील ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ देते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी द्यावी लागते. लिफ्ट आणि अन्य साधनांमुळे गाडीची किंमत वाढली तर हमीही वाढू शकते. नेपाळसाठी भारतीय गाड्यांना कार्ने लागत नाही. सीमेवर ‘भन्सार’ भरून जाता येते.

बांधणीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा रस्त्याच्या बाजूचा. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि थायलंडमध्ये वाहतूक डाव्या बाजूने चालते. तिथे डाव्या दारातून उघडणारी लिफ्ट पदपथाकडे उतरते. म्यानमार, चीन, इराण, तुर्कस्तान आणि युरोपच्या मुख्य भूमीवर वाहतूक उजवीकडून चालते. तिथे तीच लिफ्ट प्रवाशाला थेट रहदारीत उतरवते. त्यामुळे अशा प्रवासाचा विचार असेल तर मागची लिफ्ट निवडणे इष्ट. लिफ्टचे सुटे भाग, जादा पट्टे आणि हातपंपाची दुरुस्ती सोबतच्या माणसाला येणे, याला सुट्या टायरइतकेच महत्त्व असते.

इतर देश काय करतात?

ब्रिटनमध्ये ‘मोटॅबिलिटी’ योजनेतून दिव्यांगांना सरकारी प्रवासभत्त्याच्या बदल्यात गाडी भाडेपट्ट्याने मिळते. त्यात व्हीलचेअर आत जाणाऱ्या गाड्याही असतात. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी मोठे बदल केलेल्या वाहनाला तेथे मूल्यवर्धित करातूनही सूट आहे. जर्मनीत नोकरीसाठी गाडी आवश्यक असलेल्या दिव्यांगांना खरेदीसाठी मिळणाऱ्या मदतीची मर्यादा २०२१ मध्ये साडेनऊ हजार युरोंवरून २२ हजार युरोंवर नेण्यात आली. दोन्हीकडे सवलतीचा आधार व्यक्तीची गरज हा आहे, गाडीची लांबी नव्हे.

भारतातही कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम ४१ सरकारला सांगते की, दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात वैयक्तिक फिरस्तीसाठी योजना कराव्यात. त्यात सवलती, वाहनांमध्ये बदल आणि सोबतीची मदत या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गाडीतील बदल हा मालकाचा खासगी छंद नसून सरकारी कर्तव्याचा भाग असल्याचे संसदेनेच मान्य केलेले आहे.

पुढे काय व्हायला हवे?

तीन गोष्टी फार मोठ्या खर्चाशिवाय होऊ शकतात. पहिली, बांधणीआधी आराखड्यालाच आरटीओची तत्त्वतः मान्यता. त्यामुळे खर्च झाल्यावर नकार मिळण्याची भीती जाईल. दुसरी, व्हीलचेअर बांधण्याच्या हुकांसाठी आणि लिफ्टसाठी प्रमाणित संच. ‘एआरएआय’सारख्या संस्थेने एकदा तपासलेला संच ठरावीक व्हॅनमध्ये कोणत्याही प्रशिक्षित कार्यशाळेत बसवता आला, तर प्रत्येक गाडीची वेगळी चाचणी लागणार नाही. सीएनजी संचांबाबत अशी पद्धत देशात वर्षानुवर्षे आहे. तिसरी, भाड्याच्या कॅराव्हॅनना अनुकूलित वाहनाच्या व्याख्येत जागा.

राज्यांच्या हातातील काम मुक्कामाच्या जागांचे आहे. कॅराव्हॅन पार्कला परवानगी किंवा सवलत देताना विजेची जोडणी, मागची लिफ्ट उघडेल इतकी लांब आणि सपाट जागा आणि पायरी नसलेले एक स्वच्छतागृह या अटी घालता येतील. सहा मीटरची व्हॅन आणि तिच्यामागे लिफ्टसाठी अडीच मीटर म्हणजे किमान साडेआठ मीटर जागा. आज ती आखणे फुकट आहे. काँक्रीट पडल्यावर फोडून करणे महाग.

महामार्गांवर वापरण्याजोगी स्वच्छतागृहे झाली, तर व्हीलचेअर वापरणाऱ्या अनेकांना एवढी खर्चिक गाडी बांधावीच लागणार नाही. साध्या मोटारीतूनही लांबचा प्रवास करता येईल. तोवर कॅम्पर व्हॅन हा त्यांच्यासाठी घराबाहेर पडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग राहील. पण त्या मार्गाने जाण्यासाठी खिशात पैसे आणि आरटीओच्या खेपा घालायला घरात एक मोकळा माणूस असावा लागतो. रतुरी निकालानंतर बंधनकारक होऊ घातलेले निकष केवळ इमारतींच्या दारापर्यंत थांबतात की वाहनांच्या आतही पोहोचतात, यावर ही स्थिती किती बदलते हे ठरेल.